पहिलं महायुद्ध पेटलं कशामुळे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत पहिल्या महायुद्धाची कारणं पाच गुणांना असायची. साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार आणि 'तात्कालिक कारण' म्हणून सारायेव्होचा खून. पाच मुद्दे, पाच गुण. मीही ते तसेच पाठ केले आणि इतिहासाचा मास्तर झाल्यावर काही वर्षं तसेच शिकवलेही. घोडं कुठं पेंड खातंय ते वर्गातल्या एका मुलीने दाखवलं. "सर, पहिली चार कारणं तर १९१० सालीपण होती. मग युद्ध १९१४ लाच का?" तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही. खालची बरीचशी उत्तरं त्या एका प्रश्नाच्या मागे लागून जमवलेली आहेत.

राजपुत्राचा खून झाला म्हणून युद्ध झालं, एवढंच ना?

ठिणगी तीच. २८ जून १९१४, रविवार. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी उघड्या मोटारीतून बोस्नियातल्या सारायेव्होत फिरत होते. सकाळी एकाने बाँब फेकला, तो मागच्या गाडीखाली फुटला. नगरभवनातला सत्कार आटोपल्यावर युवराज जखमींना पाहायला इस्पितळाकडे निघाला. रस्ता बदलायचं ठरलं, पण ते ड्रायव्हरला सांगायचंच राहून गेलं. लॅटिन पुलापाशी त्याने सवयीने ठरल्या रस्त्याला गाडी वळवली, मागून ओरडा झाला, त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब मुलाच्या पुढ्यात. दोन गोळ्या, दोन बळी.

पण त्या काळात राजघराण्यातले खून काही नवलाचे नव्हते. १८९८ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीला एका इटालियन माणसाने भोसकलं, १९०८ मध्ये पोर्तुगालचा राजा गेला, १९१३ मध्ये ग्रीसचा. त्यापायी कुणी कुणावर चाल करून गेलं नाही. शिवाय गंमत अशी की व्हिएन्नाच्या दरबारात सर्बियाशी युद्ध नको म्हणणारं सर्वांत वजनदार माणूस हा युवराजच होता. प्रिन्सिपने नेमका तोच अडसर काढून टाकला.

खून २८ जूनला आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले ३७ दिवस काय चाललं होतं?

पहिले तीन आठवडे वरवर पाहता काहीच नाही. लोक सुट्टीवर गेले. जर्मनीचा कैसर दरवर्षीप्रमाणे जहाज घेऊन नॉर्वेच्या बाजूला गेला. पण त्याआधी, ५ जुलैला, त्याने ऑस्ट्रियाच्या राजदूताला शब्द दिला होता (खुनामागे सर्बिया आहे, असं ऑस्ट्रिया म्हणत होता) : सर्बियाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही पाठीशी आहोत. पुढे याला 'कोरा चेक' असं नाव पडलं. त्यावर आकडा व्हिएन्नाने भरला.

तो भरायला इतका उशीर का लागला, याची कारणं फार मानवी आहेत. हंगेरीचा पंतप्रधान तिसा आधी तयार नव्हता. सुगीचे दिवस होते आणि सैन्यातली बरीच पोरं कापणीच्या रजेवर गावी गेली होती. त्यांना परत बोलावलं तर पिकाचं नुकसान, रेल्वेचा घोळ, आणि जगभर बोभाटा. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोअँकारे २० ते २३ जुलै रशियात पाहुणे होते. झार आणि ते एका टेबलावर बसलेले असताना सर्बियाला द्यायचा निर्वाणीचा खलिता नको, म्हणून त्यांचं जहाज रशियातून हलण्याच्या बेताने २३ जुलैला संध्याकाळी सहाला खलिता बेलग्रेडमध्ये दिला गेला. दहा मागण्या, अठ्ठेचाळीस तास.

सर्बियाने जवळपास सगळं कबूल केलं. तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या भूमीवर नकोत, एवढ्यावर मात्र ते अडले. २५ तारखेला मुदत संपायला काही मिनिटं असताना पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. वकील बॅरन गीझल यांचं सामान आधीच बांधून झालं होतं. उत्तरावर नजर टाकून ते साडेसहाच्या गाडीत बसलेसुद्धा. उत्तर काय येतं याला तिथे किंमत किती होती, ते त्या बांधलेल्या ट्रंकांवरून कळतं.

करारांच्या जाळ्यामुळे सगळे एकामागून एक ओढले गेले, हे खरं का?

अर्धं खरं. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली (१८८२ पासून), दुसऱ्या बाजूला फ्रान्स आणि रशिया (१८९४ पासून), हे पाठ्यपुस्तकात असतं. करार माणसाला ओढत असता तर इटलीही ओढली गेली असती. ती ऑगस्ट १९१४ मध्ये बाजूला बसली, दोन्हीकडचे भाव पाहिले आणि १९१५ मध्ये पलीकडून उतरली. रुमानियाचा राजा जर्मनांच्याच होहेनझोलर्न घराण्यातला, गुप्त करारही होता, तरी तोही सुरुवातीला गप्प राहिला. ब्रिटनचे फ्रान्स (१९०४) आणि रशियाशी (१९०७) झालेले समझोते तर मुळात वसाहतींचे हद्दवाद मिटवणारे होते, एकमेकांसाठी लढायचं कलम त्यांत नव्हतंच.

ज्याला लढायचं होतं त्याने करार पुढे केला, ज्याला नव्हतं त्याने त्यातली पळवाट शोधली, असं म्हणणं जास्त बरोबर. खरा प्रश्न 'का लढावंसं वाटलं' हा आहे. तिथे पैसा येतो.

पैशाचा नेमका काय संबंध?

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच, आणि तोच शाळेत गाळला जातो.

१८७१ मध्ये फ्रान्स जर्मनीकडून हरला, आल्सेस-लॉरेन हा सरहद्दीवरचा मुलूख गेला आणि वर ५ अब्ज फ्रँकची खंडणी द्यावी लागली. एकट्याने जर्मनीला पुरे पडणं शक्य नाही हे त्यांना कळून चुकलं. रशियाकडे माणसं अमाप, पण रेल्वे नाही, कारखाने नाहीत, भांडवल नाही. फ्रान्सकडे भांडवल होतं. तेही दोन-चार धनाढ्यांचं नव्हे. गावोगावचे दुकानदार, शाळामास्तर, नोटरी, पेन्शनर आणि विधवा बायका यांची ती बचत. १८८८ पासून रशियन सरकारचे कर्जरोखे पॅरिसमध्ये विकायला लागले. व्याज बरं, मागे झारचं सरकार, बँकवाला म्हणतोय चांगलं आहे, वर्तमानपत्रंही म्हणतायत (त्यांच्या कौतुकाची किंमत रशियन वकिलातीतून चुकती होत होती, हे नंतर उघड झालं). महायुद्धापर्यंत फ्रान्सने परदेशात गुंतवलेल्या एकूण पैशाचा साधारण चौथा हिस्सा एकट्या रशियात अडकलेला होता.

आता सावकाराचीही आपली एक गंमत असते. थोडं कर्ज दिलं की कूळ घाबरतं, फार दिलं की सावकार घाबरतो. फ्रान्सला रशिया बुडून चालणार नव्हतं आणि रागावूनही चालणार नव्हतं. १९१३ च्या अखेरीस रशियाला पुन्हा रेल्वेसाठी पैसा हवा होता. पॅरिसने पाच वर्षं दरसाल ५० कोटी फ्रँकपर्यंतचे रोखे बाजारात आणायला परवानगी दिली, पण अट घातली : जर्मनीच्या सरहद्दीकडे सैन्य लवकर नेता येईल असे मार्गही बांधा आणि फौज वाढवा. म्हणजे फ्रान्समधल्या कुठल्या तरी खेड्यातल्या मास्तरणीच्या बचतीतून रशियाच्या ताब्यातल्या पोलंडच्या सपाटीवर रूळ पडणार होते.

आणि ते रूळ बर्लिनमध्ये मोजले जात होते.

बर्लिनला रशियाच्या रेल्वेची एवढी धास्ती का?

कारण जर्मनीची सगळी लष्करी योजना रशियाच्या ढिलाईवर उभी होती. पूर्वेला रशिया, पश्चिमेला फ्रान्स. दोघांशी एकदम लढणं अवघड, म्हणून हिशेब असा केला की रशियाला पुरतं सैन्य गोळा करायला सहा आठवडे लागतील. तेवढ्यात बेल्जियममधून घुसून फ्रान्सला आडवं करायचं आणि मग गाड्यांमध्ये बसून पूर्वेला जायचं. श्लिफेन योजना म्हणतात ती हीच. रशियाची रेल्वे सुधारली की सहा आठवड्यांचे चार होणार, आणि योजना कचऱ्यात. रशियाचा नवा लष्करी कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता.

सेनाप्रमुख मोल्टके १९१४ च्या वसंतात उघड बोलत होता की दोन-तीन वर्षांनी रशिया आवरणार नाही, व्हायचंच असेल तर आत्ता होऊ दे. २१ जून १९१४ ला, म्हणजे खुनाच्या बरोबर एक आठवडा आधी, हॅम्बुर्गमध्ये जेवणाच्या निमित्ताने कैसरची बँकर माक्स वॉरबुर्गशी गाठ पडली. कैसर रशियाच्या शस्त्रांबद्दल आणि रेल्वेबद्दल कुरकुरत होता. मध्येच त्याने विचारलं, वाट बघण्यापेक्षा आत्ताच घाव घातलेला बरा नाही का? वॉरबुर्गने सांगितलं की जर्मनी शांततेच्या प्रत्येक वर्षागणिक बळकट होतोय, थांबण्यात आपला फायदाच आहे. हे संभाषण वॉरबुर्गनेच लिहून ठेवलं आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. पैसा मोजणाऱ्याला वाटत होतं काळ आपल्या बाजूचा आहे. रूळ मोजणाऱ्याला वाटत होतं काळ हातातून निसटतोय. १९१४ च्या जुलैमध्ये ऐकलं गेलं ते रूळ मोजणाऱ्याचं.

म्हणजे व्यापारातल्या स्पर्धेमुळे ब्रिटन आणि जर्मनी भिडले, हे चूक?

स्पर्धा होतीच. १९१३ मध्ये जर्मनीत सुमारे १.७ कोटी टन पोलाद निघालं, ब्रिटनमध्ये सुमारे ७७ लाख टन. रसायनं, रंग, विजेची यंत्रं यांत जर्मन माल जगभर पुढे होता. ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'मेड इन जर्मनी'च्या नावाने बोटं मोडणं चालू असायचं.

पण हेच दोन देश एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होते. जर्मन व्यापारी जहाजांचा विमा लंडनच्या लॉइड्समध्ये उतरवलेला असायचा. युद्ध झालं तर ब्रिटिश आरमाराने बुडवलेल्या जहाजाची भरपाई ब्रिटिश विमावाल्याने द्यायची, असा तो मामला. तुर्की मुलखातून जर्मन बांधत होते त्या बगदाद रेल्वेवरून वर्षानुवर्षं कुरबुर होती, तर त्याचाही समझोता जून १९१४ मध्ये कागदावर उतरला होता. रशियाचं पाहा : त्याची जवळपास निम्मी आयात जर्मनीतून यायची. गिऱ्हाईक-दुकानदाराच्या नात्याने युद्ध टळतं असं मानणाऱ्यांना १९१४ ने फार वाईट धडा दिला.

बँका आणि शस्त्रांचे कारखानदार यांनी पडद्याआडून युद्ध घडवलं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

येतं खरं, रॉथस्चाइल्ड वगैरे नावं घालून. प्रत्यक्षात लंडनच्या लॉर्ड रॉथस्चाइल्डने त्या आठवड्यात 'टाइम्स'ला विनवलं की युद्धाची भाषा जरा कमी करा. बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर अर्थमंत्री लॉइड जॉर्जकडे जाऊन म्हणाला की सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या बँका-पेढ्यांच्या भागातल्या, सगळ्यांचा युद्धात पडायला विरोध आहे. कारण स्पष्ट होतं. जगभरच्या हुंड्या लंडनमध्ये वटत होत्या आणि त्या थांबल्या की आधी मरणार होते तेच. ३१ जुलैला लंडनचा शेअर बाजार बंद झाला तो जानेवारी १९१५ मध्ये उघडला. बँकेचा व्याजदर तीन दिवसांत ३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. सोन्याची नाणी पुरेनात म्हणून सरकारने एक पौंडाच्या आणि दहा शिलिंगांच्या नोटा घाईघाईने छापल्या. स्वतःचं घर पेटवणारा माणूस असा बादल्या घेऊन धावत नाही.

शस्त्रवाल्यांचं थोडं निराळं. क्रूप, श्नायडर, स्कोडा, व्हिकर्स यांनी भीती विकली आणि तिचे पैसे केले, यात शंका नाही. १९१३ मध्ये क्रूपचे लोक जर्मन युद्धखात्यातून लाच देऊन माहिती काढतात हे संसदेत उघडं पडलं होतं. बेल्जियमच्या लिएज शहराभोवतीच्या किल्ल्यांवर क्रूपच्या तोफा होत्या आणि ऑगस्ट १९१४ मध्ये ते किल्ले फोडले तेही क्रूपच्याच ४२ सेंटिमीटरच्या तोफेने. पण सदतीस दिवसांच्या त्या पत्रव्यवहारात तोफवाल्यांचा हात दाखवता येत नाही. बळी तो कान पिळी अशी हवा तयार करण्यात त्यांचा वाटा. निर्णय राजे, मंत्री आणि सेनापतींचा.

आणि लेनिन म्हणाला होता की भांडवलशाहीला वसाहती हव्या होत्या म्हणून युद्ध झालं?

त्याने ते १९१६ मध्ये मांडलं आणि त्यात दम आहे, पण नकाशावर बोट ठेवलं की अडचण येते. वसाहतींवरून सर्वांत कडवं भांडण कुणाचं होतं? ब्रिटन-फ्रान्स आणि ब्रिटन-रशिया यांचं. आणि युद्धात हे तिघे एका बाजूला. मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ मध्ये जर्मनी-फ्रान्स हातघाईवर आले होते. १९११ ला तर बर्लिनच्या बाजारात घबराट उडाली, लोक बँकांतून पैसे काढायला लागले. पण दोन्ही वेळा मिटलं. युद्ध पेटलं ते बाल्कनमध्ये, म्हणजे सर्बियाकडच्या आग्नेय युरोपात, जिथे या बड्यांपैकी कुणाची समुद्रापारची वसाहत नव्हती.

बाल्कनमध्ये असं काय होतं? तिथे तर गरिबीच होती.

डुकरं होती. विनोद नाही. सर्बियाची बहुतांश निर्यात ऑस्ट्रिया-हंगेरीला जायची आणि त्यात डुकरं, गुरं, आलुबुखार हा मोठा माल. सर्बियाने तोफा ऑस्ट्रियाच्या स्कोडाकडून न घेता फ्रान्सच्या श्नायडरकडून घ्यायचं मनावर घेतलं, शेजारच्या बल्गेरियाशी जकातीचा करार केला, तेव्हा व्हिएन्नाने १९०६ मध्ये सर्बियन गुराढोरांना सरहद्द बंद केली. नाक दाबलं की तोंड उघडेल, असा हिशेब. सर्बियाने तोंड उघडलं नाही. त्यांनी मांसाचे कारखाने काढले, सालोनिकाच्या बंदरातून माल धाडला, पॅरिसकडून कर्ज घेतलं आणि तोफाही तिथूनच आणल्या. व्हिएन्नाला स्वस्तात गप्प बसवायचा होता तो शेजारी फ्रान्सच्या आणि रशियाच्या ओसरीवर जाऊन बसला.

१९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला. तिथली शेतकरी कुळं बहुतेक सर्ब, प्रिन्सिपही त्याच कुळाच्या घरातला. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळपास दुप्पट झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीत अकराएक भाषांचे लोक नांदत (किंवा न नांदत) होते; दक्षिणेकडच्या स्लाव लोकांना शेजारचा सर्बिया खुणावायला लागला तर उरलेलेही पांगतील, ही त्यांची भीती. म्हातारं झालेलं एकत्र कुटुंब, वाटणीच्या नुसत्या शब्दाने बिथरणारं.

रशियाने सर्बियासाठी एवढी उडी का घेतली? स्लाव बांधवांचं प्रेम?

प्रेम होतं, वर्तमानपत्रांत तर फारच. पण गव्हाचाही विचार करा. रशियाचं निर्यातीचं धान्य बहुतांश काळ्या समुद्रातून, इस्तंबूलच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जायचं. १९१२ मध्ये इटलीशी लढताना तुर्कांनी ती काही आठवडे बंद केली, ओदेसाच्या बंदरात धान्याची जहाजं अडकून पडली आणि सेंट पीटर्सबर्गला घाम फुटला. धान्य विकून परकी पैसा आणायचा, त्यातून फ्रेंच कर्जाचं व्याज फेडायचं, असं ते चक्र होतं. १९१३ च्या अखेरीस एक जर्मन सेनापती इस्तंबूलच्या फौजेवर नेमला गेला, तेव्हा गळ्यावर हात आल्यासारखं रशियाला वाटलं. १९०८-०९ ला बोस्नियावरून माघार घेतली, १९१३ ला पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली तर बाल्कनमध्ये आपल्याला कुणी विचारणार नाही, असं मंत्रिमंडळात बोललं गेलं. ३० जुलैला झारने सर्वत्र सैन्य गोळा करण्याचा हुकूम दिला. आदल्या दिवशी दिला होता, कैसरची तार आल्यावर रात्री मागे घेतला होता.

हे दोघे भाऊ होते ना? मग तारा पाठवून मिटलं कसं नाही?

'विली' आणि 'निकी' अशी सही करत ते इंग्रजीत तारा धाडत होते. इंग्लंडचा राजा जॉर्ज कैसरचा मामेभाऊ आणि झारचा मावसभाऊ. आपल्याकडे भाऊबंदकी हा शब्द कशाला आहे?

वेळापत्रकामुळे युद्ध झालं असंही म्हणतात. म्हणजे काय?

रशियाने सैन्य गोळा करायला घेतलं की जर्मनीचं घड्याळ सुरू व्हायचं, कारण सहा आठवड्यांचा हिशेब त्याच मिनिटापासून. ऑस्ट्रियाला गोळा व्हायला वेळ होता, रशियालाही नुसतं सरहद्दीवर बसून बोलणी करता आली असती. जर्मनीच्या योजनेत मात्र सैन्य गोळा करणं आणि लिएजवर चाल करणं यांत जागाच ठेवली नव्हती.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून एक तार आली. फ्रान्सवर हल्ला झाला नाही तर ब्रिटन बाजूला राहील, असा तिचा अर्थ लावला गेला. कैसर खुलला. म्हणाला, मग सगळं सैन्य नुसतं पूर्वेला नेऊ! मोल्टकेच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा हजार गाड्यांचं वेळापत्रक, वर्षभर खपून केलेलं. ते एका रात्रीत फिरवलं तर सैन्याचा नुसता बाजार होईल, असं त्याने सुनावलं. काही तासांतच कळलं की तारेचा अर्थ चुकीचा लावला होता. मोल्टके घरी जाऊन रडला म्हणतात. लष्करी रेल्वेच्या एका जाणत्या अधिकाऱ्याने पुढे गाड्या फिरवणं शक्य होतं हे आकडेमोड करून दाखवलं, पण तोवर युद्धही संपलं होतं.

आरमाराच्या शर्यतीचं काय?

१८९८ पासून आरमारमंत्री टिर्पिट्झने जर्मन आरमार वाढवायला घेतलं, १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही नव्या धर्तीची युद्धनौका उतरवून सगळ्या जुन्या युद्धनौका भंगारासारख्या करून टाकल्या. त्यातून ब्रिटन फ्रान्सच्या जवळ गेलं, हे त्या शर्यतीचं खरं फळ. पण १९१२ नंतर जर्मनीने पैसा पुन्हा लष्कराकडे वळवला होता. खुनाची बातमी आली तेव्हा ब्रिटिश युद्धनौका कील बंदरात जर्मनांच्या पाहुण्या म्हणून उभ्या होत्या आणि कैसर शिडाच्या होडीच्या शर्यतीत होता. बातमीची चिठ्ठी सिगारेटच्या डबीत घालून त्याच्या होडीवर फेकली गेली.

ब्रिटनला उतरवलं ते बेल्जियमने. त्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात ब्रिटनने आणि प्रशियाने मिळूनच दिली होती. आत आणखी एक विचार होता, जो भाषणांत कमी आला : फ्रान्स-रशिया हरले तर खंडभर जर्मनी, आणि आपल्याशिवाय जिंकले तर रागावलेला रशिया पुन्हा इराण-अफगाणिस्तानातून हिंदुस्थानच्या दाराशी.

आपला काय संबंध? आपले लोक का गेले?

व्हाइसरॉयने जाहीर केलं आणि हिंदुस्थान युद्धात गेलं. विचारणार कोणाला? टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले ते जून १९१४ च्या मध्यावर, सारायेव्होच्या जेमतेम दोन आठवडे आधी. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनीही सरकारला साहाय्य करावं असं जाहीर केलं, स्वराज्याचं मागणं न सोडता.

आर्थिक कारण बघायचं असेल तर इराकात बघा. जून १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे ५१ टक्के भाग घ्यायचं ठरवलं, कारण नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालणार होत्या. इराणमधल्या अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तुर्कांच्या हद्दीला खेटून (इराक तेव्हा तुर्कांकडे होता आणि तुर्क जर्मनीच्या बाजूने उतरले). म्हणून नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या किनाऱ्यावरच्या फाव या ठिकाणी पहिलं सैन्य उतरलं ते सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनचं. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. तेल राखायला गेलेले बगदादच्या मोहाने वर वर सरकत गेले, कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी अजून दिसते : या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले. माझ्या आजोळच्या पाटीवर आकड्याच्या खाचेत दर वर्षी कोणीतरी चुना भरतं. नावं नाहीत, नुसते आकडे.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला १० कोटी पौंडांची 'भेट' गेली, रुपयांत दीडशे कोटींच्या घरात. जर्मन कृत्रिम निळीने आपल्याकडची निळीची शेती मोडली होती; युद्धाने जर्मन रंग बंद झाले, निळीला पुन्हा भाव आला आणि चंपारणच्या शेतकऱ्यांमागे तिचा जाच पुन्हा लागला. गोव्याची गोष्ट पोर्तुगालबरोबर गेली : फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, मुरगावातलीसुद्धा, आणि मार्चमध्ये जर्मनीने त्यांच्यावर युद्ध पुकारलं.

मग दोष कोणाचा?

युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने जर्मनी आणि तिच्या सोबत्यांवर सगळी जबाबदारी टाकली आणि १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचं बिल फाडलं. नंतर 'सगळेच घसरत गेले' असं म्हणायची पद्धत पडली. १९६१ मध्ये जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशरने जर्मन दफ्तरांतूनच दाखवलं की बर्लिनच्या मनात बरंच काही होतं, तेव्हा त्याच्याच देशात गदारोळ झाला.

माझं मत विचाराल तर व्हिएन्नाला एक छोटं युद्ध हवं होतं, बर्लिनने ते मोठं होण्याची जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली. हे दोघे पहिल्या रांगेत. रशियाने आणि फ्रान्सने जोखीम कमी करायला फार काही केलं नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे साहेब आपण काय करणार हे वेळेवर स्पष्ट बोलले नाहीत. सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख खुन्यांना पिस्तुलं पुरवतो आणि पंतप्रधानाला तो आवरत नाही, हेही विसरू नये.

त्या फ्रेंच रोख्यांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण मला आवडतो. फेब्रुवारी १९१८ मध्ये रशियातल्या नव्या बोल्शेविक सरकारने झारची सगळी कर्जं रद्द केली. लाखो फ्रेंच कुटुंबांकडे नक्षीदार, दोन डोक्यांचा गरुड छापलेले, व्याजाची कुपनं तशीच चिकटलेली कागदांची भेंडोळी उरली. ती नातवंडांपर्यंत आली. १९९० च्या दशकात रशियाने फ्रान्सशी समझोता करून ४० कोटी डॉलर दिले. मूळ रकमेच्या मानाने चिल्लर. रोखेधारकांच्या संघटना त्यानंतरही भांडत राहिल्या. हे रोखे आता पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या आणि तिकिटांच्या दुकानांत मिळतात. नक्षीकाम सुंदर आहे, लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात.